रंभाबाईचा खांदा

धाकटी खारवाडी हे गाव चिंचणीच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी आहे. तिथे एकमत व्हायला फार वेळ लागत नाही. प्रश्न गावचे पुढारी कुंदनभाऊ विचारतात, आणि ते असा प्रश्न शोधून आणतात की त्याला उत्तर एकच असतं.

त्या दिवशीच्या ग्रामसभेत त्यांनी विचारलं, "आपल्या गावाचं भलं झालेलं कोणाकोणाला पाहिजे? हात वर करा."

चारशे बारा जणांना पाहिजे होतं. काहींनी दोन्ही हात वर केले. ते एकच धरले. कागदावरचा विषय जरा वेगळा होता. बोईसरच्या एका कंपनीला, औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या, आपलं वापरलेलं पाणी साफ करून समुद्रात सोडायचं होतं, आणि त्या पाइपाचं पंपघर गावाच्या वाळवणाच्या मैदानावर बांधायचं होतं. पाणी इतकं साफ असेल की पिता येईल, असं कंपनीच्या साहेबांनी माइकवर सांगितलं. मग ते तिकडेच का पीत नाहीत, हे विचारायचं कोणाच्या तोंडावर आलं असेलही, पण तोवर वडापाव वाटायला सुरुवात झाली होती, आणि तोंडं भरली होती.

एकच हात वर गेला नाही. तो रंभाबाईचा.

ती तिसऱ्या रांगेत, मंडपाच्या खांबाला लागून बसली होती. गावाचं भलं तिलाही पाहिजे होतं. सगळ्यांबरोबर तिनेही उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला, कानाशी पोचला आणि तिथे थांबला. खांद्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे पांढरं झालं. डावा हात वर करावा असं मनात आलं. पण देवापुढे, सरकारपुढे आणि पुढाऱ्यापुढे डावा हात करत नाहीत, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. तेव्हा कानाशी आलेल्या हाताला काहीतरी काम द्यायचं म्हणून तिने अंबाड्यातला आकडा नीट केला.

हे सगळं सभेच्या व्हिडिओत आलं, आणि तो गावभर फिरला. चारशे बारा हातांचं रान, आणि मधोमध एक बाई केस सारखे करते आहे.

तो खांदा असाच गेला नव्हता. चाळीस वर्षं ती बोंबील वाळत घालत आली होती. वाळवणाच्या मैदानावर बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात, एकावर एक, पुरुषभर उंचीपर्यंत. त्याला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. हंगामात दिवसाला हजारभर जोड्या. गेल्या पावसाळ्यापासून तिचा हात वरच्या दोरीला पोचेनासा झाला होता. पण ज्या बाईचा हात वरच्या दोरीला पोचत नाही, तिला मैदानावर कोणी काही बोलत नाही, नुसतं हळूहळू "मावशी, तुमी बसा" म्हणायला लागतात, आणि ते बोलण्याहून वाईट. म्हणून रंभाबाईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की वरच्या दोरीवर वारा जास्त लागतो आणि माल काळा पडतो. चाळीस वर्षं पांढरा पडत होता, तो एकदम काळा कसा पडायला लागला, हे कोणी विचारलं नव्हतं. तिच्या अनुभवाचा मान मोठा होता. दोघीतिघींनी तर आपल्याही वरच्या दोऱ्या सोडल्या होत्या.

तेव्हा आता, "मी विरोध केला नव्हता, माझा हातच वर जात नाय," असं सांगायचं म्हणजे ते सगळंच सांगावं लागणार. रंभाबाईने दोन दिवस विचार केला आणि ठरवलं, की गावाची दुश्मन म्हणवून घेतलेलं परवडलं.

ते तसं स्वस्त नव्हतं. वलांडीवर माल असला की कावळे-कुत्री राखायला कोणीतरी लागतं. एक जेवायला गेली की शेजारची राखते, हा मैदानाचा रिवाज. तिसऱ्या दिवशी रंभाबाई शेजारच्या शकूला म्हणाली, "जरा बघ गो, मी भात खाऊन येते."

शकू दुसरीकडे बघत म्हणाली, "माझीच मला राखायची हाय, मावशी."

"आणि माझी काय वाघ खातो?"

"तुमचं तुमाला म्हायती. माझ्या पोराला पंपघरात लावणार हायेत. वॉचमन." आणि मग, आवाज खाली आणून, "तुमचं काय अडलं होतं हो हात वर करायला? फुकटचा हात."

दुसऱ्या दिवसापासून रंभाबाईने भात डब्यात घालून आणला आणि बोंबलांच्या सावलीत बसून खाल्ला. मालाच्या सावलीत वास येतो, पण सोबतही वाटते.

ठराव बहुमतानेही चालला असता. अडचण कुंदनभाऊंची होती. त्यांनी सभेच्या आदल्याच दिवशी बोर्ड छापून घेतला होता: "शंभर टक्के खारवाडी, शंभर टक्के विकास." खाली त्यांचा फोटो, फोनवर बोलत असलेला. चारशे तेरापैकी चारशे बारा म्हणजे नव्व्याण्णव पूर्णांक काहीतरी होतात, आणि पूर्णांकाचा बोर्ड कोणी लावत नाही. शिवाय पालघरला कार्यक्रम ठरला होता; तिथे त्यांनी शंभर टक्क्यांचं गाव घेऊन येतो म्हणून शब्द दिला होता.

म्हणून एका संध्याकाळी ते स्वतः रंभाबाईच्या दारात आले. बरोबर चार कार्यकर्ते, कंपनीचे साहेब आणि एक पपई. रंभाबाईच्या घरात नवरा नामदेव गेल्यापासून एका वेळी इतकी माणसं बसली नव्हती. त्याच्या बाराव्याला बसली होती तेवढी. तिने शेजारून दोन कप मागून आणले. शेजारणीने भाऊंकडे बघून दिले.

"आई," कुंदनभाऊ जमिनीवर मांडी घालत म्हणाले, "मला तुमचा मुलगाच समजा."

"मुलगा हाय मला," रंभाबाई म्हणाली. "बोईसरला असतो. तोपण येत नाय."

कार्यकर्ते हसू की नको असे बसले. भाऊ हसले, तेव्हा हसले.

"आई, कंपनीला माल दिसतो, सरकारला कागद दिसतो. मला फक्त लोक दिसतात. आणि लोक म्हणजे एक. त्या एकातून एक गेला, तर राहिलं काय?"

"शून्य," मागचा एक कार्यकर्ता म्हणाला. तो बीकॉम होता.

कंपनीचे साहेब चहात बिस्कीट बुडवत खरोखरच कुतूहलाने म्हणाले, "आमच्याकडेही सभा होते, भागधारकांची. पण तिथे ज्याचे शेअर जास्त, त्याची मतं जास्त. फार शांततेत होते. तुमच्याकडे सगळ्यांना सारखं एकेकच? अवघड आहे हो."

"म्हणून तर मी आहे, साहेब," कुंदनभाऊ म्हणाले.

रंभाबाई दोघांकडे बघत होती. तिला त्यांच्या बोलण्याहून एक गोष्ट जास्त जाणवत होती: घरात आवाज होता. कपांचा, खाकरण्याचा, माणसाने माणसाला टाळी देण्याचा. "हो" म्हटलं की हे सगळे उठून जाणार, हे तिला स्वच्छ दिसलं. म्हणून ती म्हणाली, "बघू."

आणि त्या एका शब्दावर महिनाभर तिच्या घरी माणसं येत राहिली. भाऊंचे कार्यकर्ते आळीपाळीने आले. महिला आघाडी आली आणि साडी देऊन गेली. एक फिजिओथेरपीचा कँपसुद्धा गावात येऊन गेला, पण नेमका गुडघ्यांचा. आणि पहिल्याच रविवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, दारात मोटरसायकल थांबली आणि दर्पण आला. बायको उन्नती, मुलगी दिशा, तिघंही. चौदा महिन्यांनी.

बोईसर तिथून एका तासाच्या आत आहे. पण कंत्राटी कामगाराचं घड्याळ वेगळं असतं, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दर्पण त्याच कंपनीत टाकीच्या खात्यात सात वर्षं कंत्राटावर होता. उन्नतीने आल्या आल्या पदर खोचला आणि भांडी घासायला घेतली, तेव्हाच रंभाबाई समजली की काहीतरी मोठं काम आहे.

जेवणं झाल्यावर दर्पणने ते सांगितलं. खाली बघत, बडीशेप निवडत. "साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं होतं. बस म्हणाले. सात वर्षांत पहिल्यांदा बस म्हणाले. पर्मनंट करणार हायेत मला, आई. पत्र तयार हाय. मला दाखवलं. फक्त तू…"

"हात वर करायचा."

"तेवढंच ना. आणि तू कशाला गो विरोधात गेलीस? तू तर कधी मीठ जास्त झालं म्हणून पण बोलली नाय कोणाला."

पोराला तरी सांगावं, असं तिला वाटलं. पण तो त्याच दुपारी कौतुकाने दिशाला सांगत होता, "आजी एका दिवसात हजार जोड्या घालायची, मी मोजायला बसायचो." दिशाचे डोळे मोठे झाले होते. रंभाबाई म्हणाली, "बघू. पुढल्या रविवारी सांगते."

पुढल्या रविवारी ते परत आले. त्याच्या पुढल्याही. रंभाबाई शुक्रवारपासून तयारीला लागायची. आपण पोराला फसवतो आहोत असं तिला वाटे, आणि त्याबरोबरच कोलंबीत कोकम किती घालायचं हेही वाटे. कंपनीने एका हातासाठी सगळ्या कुटुंबाला दर रविवारी पेट्रोल घालून पाठवावं, ही योजना तिच्या मते कंपनीच्या इतर कुठल्याही योजनेपेक्षा चांगली होती. ती अशीच चालू राहिली असती तर तिला काही म्हणायचं नव्हतं.

चौथ्या रविवारी दर्पण शिफ्ट संपवून तसाच परस्पर आला. उन्नती नि दिशा बसने आधीच आल्या होत्या. दिशा बापाकडे धावली, तेव्हा तो ओरडला, "हात लावू नको." इतक्या जोराने की पोरगी जागच्या जागी थांबली. त्याने मागच्या दारी जाऊन युनिफॉर्म काढला, एका पिशवीत घातला, पिशवीचं तोंड बांधलं, दोन बादल्या पाणी अंगावर घेतलं, मग आत आला.

रंभाबाईने पिशवी धुवायला उचलली.

"ते राहू दे, आत्या," उन्नती म्हणाली. "आमच्याकडेपण मी वेगळं भिजवते. दिशाच्या कपड्यांत नाय टाकत."

"कशाला?"

उन्नतीने नवऱ्याकडे पाहिलं. दर्पण केस पुसत होता, तो पुसतच राहिला.

"टाकीतलं पाणी उडतं," तो म्हणाला.

"साफ केल्यावरचं की आधीचं?"

त्याने टॉवेल दोरीवर टाकला. "तू ते नको विचारू, आई."

त्या दिवशी कोलंबी चांगली झाली होती; सगळे तसं म्हणालेही. रंभाबाईला चव लागली नाही. इतके दिवस तिच्या नावावर एक विरोध होता, आणि तो तिचा नव्हता, खांद्याचा होता. त्या दुपारी, ती पिशवी मागच्या दारी खिळ्याला टांगलेली बघताना, तो तिचा झाला. तिला ते फारसं आवडलं नाही. खांद्याचा होता तोपर्यंत तो हलका होता.

कुंदनभाऊंनी दुसरी ग्रामसभा बोलावली. या वेळी ते तयारीने आले होते. प्रश्न त्यांनी उलटा करून आणला होता.

"ज्यांना गावाचं भलं नको आहे," ते माइकवर म्हणाले, "त्यांनीच फक्त हात वर करावा."

चारशे बारा हात मांडीवर होते. पहिल्या रांगेत कंपनीच्या साहेबांच्या शेजारी दर्पण बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. त्याने मागे वळून आईकडे पाहिलं, आणि तिचे दोन्ही हात मांडीवर बघून त्याचा चेहरा उजळला, तो सात वर्षांचा असताना बापाची होडी किनाऱ्याला लागल्यावर उजळायचा तसा.

तो चेहरा रंभाबाईने पुरता पाहून घेतला. मग खांबाला धरून ती उभी राहिली.

"मला बोलायचं हाय," ती म्हणाली. "माझा उजवा हात वर जात नाय. खांदा गेलाय. गेल्या पावसाळ्यापासून. वारा लागून माल काळा पडतो, ते मी खोटं सांगितलं होतं."

बायकांच्या बाजूने एक हूं झालं. ज्या दोघीतिघींनी वरच्या दोऱ्या सोडल्या होत्या, त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

"म्हणून त्या सभेला माझा हात राहिला. तेव्हा माझं काय म्हणणं नव्हतं. आज हाय. पंपघराला माझा विरोध हाय. हात नाय होत, म्हणून तोंडाने सांगते."

ती बसली. आता शिव्या येतील असं तिला वाटलं, आणि त्याचीही तिने तयारी ठेवली होती. पण कुंदनभाऊंच्या तोंडावर हळूहळू एक हसू पसरत होतं.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "ऐकलंत का, गावकरी? मावशींचा त्या दिवशी विरोध नव्हताच. खांदा दुखत होता. मनाने हात वरच होता. म्हणजे पहिली सभाच शंभर टक्के झाली होती. आपण उगाच आपल्या माउलीवर संशय घेतला. टाळ्या होऊन जाऊ देत."

टाळ्या झाल्या. मोठ्या झाल्या. कोणीतरी रंभाबाईच्या गळ्यात हार घातला.

"आणि पहिल्या सभेत ठराव सर्वानुमते मंजूर झालाय, तर या सभेची गरजच नाही. सभा रद्द. चहा घेऊन जा."

चहा संपला तेव्हा ग्रामसेवक धीरज कागद गोळा करत होता. तरुण, नेमाने भांग पाडणारा, सरळ मुलगा. रंभाबाई हार हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"माझा विरोध लिहिलास?"

"कुठे लिहू, मावशी?" तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "तुम्ही बोललात ती सभा झालेलीच नाही. आणि जी झाली, तीत तुमचं काही म्हणणं नव्हतं."

"मग मी बोलले ते गेलं कुठे?"

धीरजने इकडेतिकडे पाहिलं. "हरकत असेल तर तीस दिवसांत जिल्हा कार्यालयात देता येते. कोळगावला, नव्या इमारतीत. लेखी. मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही."

त्यानंतर तिच्या घरी कोणी आलं नाही. येण्याचं काही कारणच उरलं नव्हतं. मैदानावर मात्र सगळ्या एकदम गोड झाल्या. शकू स्वतःहून आली, रंभाबाईच्या हातातली पाटी घेतली आणि म्हणाली, "तुमी बसा, मावशी." दर्पणला पत्र मिळालं. सहा महिने प्रोबेशन, मग पक्का. त्याने फोनवर दोनदा वाचून दाखवलं. रविवारी ओव्हरटाइम लागला होता. त्याच्या पुढच्याही रविवारी.

सोमवारी रंभाबाईने दिशाच्या जुन्या वहीतलं पान फाडलं. सातवीपर्यंतचं शिक्षण असं चाळीस वर्षांनी कामाला येतं. अर्ज चार ओळींचा झाला. मंगळवारी ती एकटीच चिंचणीहून बोईसर, बोईसरहून पालघर, आणि तिथून रिक्षाने कोळगावला गेली.

इमारत फार मोठी होती आणि फरशी इतकी गुळगुळीत, की चपला काढाव्यात की काय असं तिला वाटलं. आवक-जावकच्या खिडकीची फळी उंच होती. तिने डाव्या हाताने कागद वर सरकवला. कारकुनाने तो वाचला.

"'माझा हात वर जात नाही. पण पंपघराला माझा विरोध आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दोन्ही खऱ्या आहेत.'" त्याने चष्म्यावरून पाहिलं. "आजी, ही हरकत आहे की वैद्यकीय अर्ज?"

"हरकत."

"संस्थेतर्फे की कसं?"

"मी आलेय ना."

"म्हणजे बरोबर कोण कोण?"

रंभाबाईने मागे पाहिलं. मागे एक पंखा होता. "कोण नाय," ती म्हणाली.

"वैयक्तिक," कारकून लिहीत म्हणाला. "पूर्ण नाव?"

"रंभाबाई नामदेव तामोरे."

"याची एक प्रत कंपनीला जाते हं. नियम आहे. नावासकट."

तामोरे हे नाव कंपनीच्या हजेरीवर एकच होतं. रंभाबाईने खिडकीच्या गजाला हात लावला. कारकून पेन धरून थांबला होता. त्याला घाई नव्हती, मागे रांगही नव्हती. कागद अजून फळीवर होता, डाव्या हाताला पोचेल एवढ्या अंतरावर.

"मार शिक्का," ती म्हणाली.

पोच घेऊन ती पालघरच्या एसटी स्टँडवर आली. कंपनीच्या पत्रातून कळण्याआधी दर्पणला आपण सांगायला हवं होतं. सहा वेळा फोन लावला, नुसता वाजत राहिला. आत प्लँटमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत. शिफ्ट साडेतीनला सुटते. बोईसरच्या दोन बसेस लागल्या, भरल्या, गेल्या. कंडक्टरने एकदा विचारलं, "आजी, कुठे जायचंय?" "थांबायचं हाय," ती म्हणाली. शेजारी बसलेली बाई वेफर्स खात होती. तिला पोचपावती दाखवावी असं रंभाबाईच्या मनात आलं. तिने घडी उघडली, पुन्हा घातली.

तीन पस्तीसला फोन वाजला.

"आई, सहा मिस्ड कॉल. काय झालं? बरी हायेस ना?"

"बरी हाय. मी कोळगावला आलते." आणि मग, बाकाच्या कडेला सरकून, तिने त्याला सगळं सांगितलं. अर्ज वाचून दाखवला. प्रत कुठे जाणार तेही सांगितलं.

पलीकडे कारखान्याच्या गेटातून सुटलेल्या माणसांचा गलका होता, सायकली, हॉर्न, कोणाचं तरी हिंदीतलं हसणं. एक मिनिट गेलं असेल. तिने फोन कानापासून काढून बघितला; आकडे पुढे जात होते. दर्पणने फोन ठेवला नव्हता.

तिनेही ठेवला नाही. तिसरी बस येऊन लागली.